नकाशाची मागची बाजू

आमच्या पंपाच्या कारखान्यात नत्थूजी नकाशे काढायचे. प्रत्येक नकाशाच्या मागे पेन्सिलीनं 'काहून?' लिहून खाली कारण मांडायचे. मी नवा इंजिनीअर. मला हा रिकामा उद्योग वाटे.

१९७४ साली मी पंपाच्या माथ्यावरची लोखंडी कडी काढायला निघालो. फुकटचं वजन, म्हटलं. नत्थूजी चिडले नाहीत. "मांगं पाहा नं, साहेब," एवढंच म्हणाले.

मागे लिहिलं होतं: "उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जाते. पंप दोरानं खाली सोडा लागते. पहिल्या पंपाले कडी नव्हती, तो नरखेडकडे विहिरीत पडला. तो नकाशा माह्याच हातचा." खाली सही, तारीख.

ती गोष्ट मालकही विसरला होता. नत्थूजींनी मात्र आपली चूक सहीनिशी जपून ठेवली होती, माझ्यासारख्या दीडशहाण्यासाठी.