आमसूल सर

सरांच्या खिशात एखाद वेळ पेन नसेल, पण आमसुलांची डबी असायचीच. लाँचमधून येताना कुणाला गरगरलं, वर्गात कुणाला मळमळलं, एसटीचा कंडक्टर उगाच तापला, की डबी पुढे व्हायची. "धर, तोंडात टाक. बरं वाटलं तर आमसुलाचा गुण, नाही वाटलं तर माझी चूक." अलिबागच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचं खरं आडनाव आमच्या तोंडी फारसं आलंच नाही.

श्रीवर्धनला त्यांच्या घरची सुपारीची वाडी होती आणि वाडीच्या कडेला रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करू लागले तेव्हा घरी काय सांगावं, ही पंचाईत झाली. उंच बर्फाळ डोंगरांवर हवेत प्राणवायू कमी असतो. तिथे शरीराची आतून झीज होते आणि पुरुषबीजांनाही फटका बसू शकतो. रातांब्याच्या फळाच्या सालीतले गुण ही झीज आवरतील का, हे सर तपासत होते. म्हणून आमचे उंदीर कमी प्राणवायूच्या काचपेटीत राहायचे आणि सालीचा अर्क प्यायचे. समुद्रकाठी बसून हिमालयाचा अभ्यास! आईला मी "कोकमावर काम आहे" एवढंच सांगितलं.

स्टाफरूममध्ये मात्र कुजबुज चाले. सरांना मूलबाळ नव्हतं. "स्वतःचंच दुखणं शोधतोय बिचारा," असं लोक म्हणत. सरांच्या कानावर ते जाई, पण त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

आकड्यांच्या बाबतीत माणूस महाखडूस. एका उंदराचा निकाल सगळ्यांहून उलटा आला. तो गाळला तर आलेख देखणा दिसेल, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं. सर गरजलेच. "अरे, तो बिचारा आपल्यासाठी पेटीत बसला आणि त्याचं म्हणणं तुम्ही ऐकणार नाही? दिसेल ते लिहायचं. हवं ते नाही." उंदीर राहिला, आलेख वाकडाच गेला.

प्रयोगाच्या साली सरांच्या गच्चीवर वाळायच्या. त्या बिनमिठाच्या, घरच्या मीठ लावलेल्या. एका रविवारी सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, आम्हाला जेवायला बोलावलं आणि घाईत नेमक्या प्रयोगाच्या साली आमटीत घातल्या. पहिल्याच भुरक्याला सरांच्या ध्यानात आलं. हंगामाची मेहनत आमटीत उकळली होती. त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली. काकू डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या, तर म्हणाले, "तुझी नाही गं चूक. बरणी मीच स्वयंपाकघरात ठेवली होती." बरणी गच्चीवरून काकूंनी आणली होती. मी स्वतः पाहिलं होतं.

असेच एकदा सगळे गच्चीवर साली पसरत होतो, तेव्हा कोळीवाड्यातल्या हिराबाई आल्या. सोबत मुलगा महेश आणि सून सुगंधा. महेश फौजेत, बरीच वर्षं बर्फातल्या ठाण्यांवर राहून आलेला.

"सर, लगीन होऊन इतकी वरसं झाली, पालना न्हाय हलला," हिराबाई म्हणाल्या. "ही वांझ हाय. तुमचा कोकमाचा औषध द्या. गुण न्हाय आला तर हिला कायमची माहेरी धाडते."

सुगंधा खाली मान घालून आमच्या साली सारख्या करत बसली होती. कुणी सांगितलंही नव्हतं.

"औषध नाही हिराबाई, आम्ही अजून उंदरांतच आहोत," सर म्हणाले. "पण आधी महेशला तपासून घ्या."

"माज्या पोराला? त्याला काय धाड भरलीय?"

काकू सरबताचे पेले घेऊन नुकत्याच जिन्यावरून वर आल्या होत्या. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्याही घरात पाळणा हलला नाही. कमी माझ्यात होती, हिच्यात नाही. मी सांगतोय ना? यात लाज कसली?"

महेशने आईकडे न बघता म्हटलं, "आये, मी जातो तपासायला." कमी त्याच्यातच निघाली. पुढे उपचार बरेच झाले, मूल काही झालं नाही. पण सुगंधाला माहेरी धाडायची भाषा त्या घरात परत निघाली नाही. आता ती आणि हिराबाई एकाच टोपलीतली मासळी विकतात आणि गिऱ्हाइकाशी एकजुटीने भांडतात.

गेल्या वर्षी सर गेले. मी भेटायला गेले, तर काकू गच्चीवर सुगंधाबरोबर साली उन्हात टाकत होत्या. सुगंधा पाणी आणायला खाली गेली तेव्हा मी म्हटलं, "सरांनी तेव्हा स्वतःचं उघड केलं, म्हणून हिचा संसार राहिला."

"स्वतःचं कुठलं गं?" काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी कमी माझ्यात सांगितली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच हे मला म्हणाले, कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. सासूबाई जाईपर्यंत त्यांनाही तेच ठाऊक होतं. मला कधी कुणी वाकडा शब्द बोललं नाही." त्यांनी हातातली साल उलटून ठेवली. "दिसेल ते लिहिणारी माणसं ना तुम्ही? मग आता हे लिही."

मला रडू आवरेना. काकूंनी सरांची डबी माझ्यापुढे धरली. मी एक आमसूल तोंडात टाकलं. बरं काही वाटलं नाही. पण ती चूक सरांच्या नावावर टाकायला जीभ रेटेना. आधीच फार घेतलं होतं त्यांनी स्वतःच्या नावावर.