सिंहाच्या मागची बाजू

मंडळी, आज सकाळपासून डोक्यात किडा वळवळतोय.

आई नागपूरहून इकडे परदेशात आमच्याकडे आलीय, म्हणून तिला म्युझियम दाखवायला नेलं. तिथे इटलीतल्या एका मध्ययुगीन चर्चच्या दारातला दगडी सिंह आहे, पाठीवर खांब पेलणारा. आईने चपला काढून त्याला नमस्कार केला.

"आजी, इट्स अ म्युझियम!" माझी लेक लाजून कुजबुजली.

"देवाच्या दारातला आहे ना?" म्हणत आई सवयीने प्रदक्षिणा घालायला लागली आणि मागे जाऊन थबकली.

"इकडे ये. हा दारातून नीट काढलेला नाही, कापलेला आहे."

खरंच! पुढे आयाळीचा केस न् केस कोरलेला, मागे करवतीच्या सरळ रेघा. पाटीवर नुसतं 'भेट' लिहिलेलं. कोणी दिली, कोणाला विचारून? गार्ड हसून म्हणाला, "गुड क्वेश्चन!"

परत येताना ड्राइव्ह करत मी तावातावाने बोलत होते.

घरी आल्यावर ती सरळ बॅकयार्डमध्ये गेली. तिथे आमचा दगडी नंदी आहे, इथल्याच एका अँटिक शॉपमधून हौसेने आणलेला. ती त्याच्या मागे जाऊन वाकलीय.

मी किचनच्या खिडकीत उभी राहून हे लिहितेय. बाहेर जायचा धीर होत नाहीये. तुमच्याकडची अशी वस्तू तुम्ही कधी मागून बघितलीय का?