आरशातलं रिंगण

माझा एक मित्र गिटारच्या तारांवर बांबूची काडी घासून अजब संगीत करतो. त्याच्या नव्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी मी सातपुड्यातल्या भिंतींवरच्या चित्रांसारखी हलती चित्रं केली होती: होळीचं रिंगण, मोरपिसांचे टोप आणि मधोमध गिटार वाजवणारा मित्र. व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी सोडायचा होता.

तळोद्याला डोंगरातल्या मोलगी गावाच्या जीपमध्ये बसून, ती भरेपर्यंत मी तो मोबाइलवर बघत राहिलो. शेजारच्या आजीबाईंनी डोकं खुपसलं. मांडीवरच्या कोंबडीला त्या ठेक्यात थोपटू लागल्या आणि एकदम थांबल्या.

"ह्या उलटा नाची ऱ्हायनात! आम्हनी होळीमा असं कोनी नाचत नही."

"आजी, वर्षभर खपलोय हो!"

त्यांनी कोंबडी माझ्या हातात कोंबली, मोबाइल घेतला आणि ड्रायव्हरच्या आरशासमोर धरला. आरशात रिंगण दुसऱ्या बाजूने फिरू लागलं.

"आते बराबर शे!"

अख्खी जीप आरशात बघत टाळ्या वाजवायला लागली. मी कोंबडीसकट हसत सुटलो.

मोलगीत उतरताच मी सबंध व्हिडिओ आरशासारखा फिरवून मित्राला पाठवला. लगेच त्याचा फोन.

"अरे, मला डावखुरा का केलंस?"

"तू एकटाच उलटा झालास," मी म्हटलं, "बाकी सगळं गाव आता सुलटं नाचतंय!"