डबल बेल

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात स्वतःचं राहतं घर रिव्हर्समध्ये घेणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. लोकांच्या घराला अंगण असतं, यांच्या घराला हॉर्न आहे. फोन करून पत्ता विचारला तर म्हणतात, "आज तेरखेड्यात हाय गुरुजी, उद्याचं कंडक्टरला ठाऊक." कंडक्टर म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का.

साडूंनी उभा जन्म एसटी चालवली आणि अक्कानं उभा जन्म भूमच्या दोन खोल्यांत त्यांचा डबा भरला. ते रिटायर झाले आणि त्याच सुमारास अक्काच्या पायातली चप्पल तिच्या नकळत गळून पडायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. पायापासून सुरू होऊन हळूहळू वर चढणारा. औषधानं उशीर होईल, थांबणार नाही, म्हणाले. दवाखान्याबाहेर चहा पिताना अक्का म्हणाली, "तुमी समदा मुलूख बघितला. म्या फकस्त तुमच्या डब्याचं झाकण बघितलं. आता अंगात जीव हाय तवर मलाबी फिरवा." दुसऱ्या कुणी बायकोला देवदर्शन घडवलं असतं. यांनी बंद पडलेल्या एका शाळेची पिवळी मिनीबस आणली, बाकडी उपटली, आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी बसवली, भूमचं घर भाड्यानं दिलं आणि पुढच्या काचेत जुन्या सवयीनं पाटी लावली, 'मुक्काम'.

आता रात्री खेड्यात थांबणाऱ्या एसटीवर हीच पाटी असते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळं फाट्याफाट्यावर लोक हात करायचे. यांनी गाडी पुढं दामटावी, तर मागून अक्का बेल मारायची. हो, बेल होती. साडूंच्या डोक्याजवळ घंटा आणि तिची दोरी थेट अक्काच्या पलंगापर्यंत. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला, हा एसटीचा कायदा घरातही लागू. एकदा एक म्हातारी टोपलीसकट चढली, पलंगावर अक्काशेजारी ऐसपैस बसली आणि आधार कार्ड काढून म्हणाली, "मला फुकट हाय." अक्कानं कार्ड नीट उलटंसुलटं बघितलं, परत दिलं आणि वर चहा पाजला. "असली एसटी आमच्या गावाला रोज का येत न्हाय?" असं बडबडतच म्हातारी उतरली.

अक्काची तब्येत उतरत गेली तशी गाडी बदलत गेली. पण यातला एकही बदल अक्कासाठी केला असं साडूंनी आजवर कबूल केलेलं नाही. दारात खालची पायरी वाढवली, का? तर "माझा गुडघा कुरकुर करतोय." आतून दोन्ही बाजूंना धरायला नळ्या लावल्या, तर "म्या आता म्हातारा झालो, तोल जातो." तेच साडू त्याच दिवशी टपावर चढून टाकी धूत होते. पुढं चाकाची खुर्ची आली, तिच्यासाठी लोखंडी पत्र्याचा उतार आला, तेव्हा तर म्हणाले, "सिलिंडर चढवायला बरं पडतंय." अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, "तुझ्या दाजीला लई आजार झालेत बघ. सगळे माझ्याच मापाचे."

या सगळ्यावर कडी म्हणजे ती न्हाव्याची खुर्ची. बसायला-उठायला गरागरा फिरणारी खुर्ची हवी, म्हणून यांनी भूमच्या एका सलूनमधली जुनी खुर्ची आणून दाराशी ठोकली. अक्काला चाकाच्या खुर्चीतून तिच्यात घ्यायचं, गर्रकन फिरवायचं, की ती पलंगासमोर. सोनारीला भैरवनाथाच्या देवळाजवळ गाडी उभी असताना एक गृहस्थ उघड्या दारातून आत आले, खुर्चीत बसले, डोळे मिटून मान मागं टाकली आणि म्हणाले, "मिशी तेवढी ठेवा." साडूंनी खरंच त्यांची दाढी केली. अक्का म्हणते, बरी झाली होती.

तेरखेड्याला मात्र मी स्वतः गाडीत होतो. साडूंनी सावली बघून एका पत्र्याच्या शेडला खेटून गाडी लावली आणि पिठल्याला फोडणी टाकायला गॅस पेटवला. तेवढ्यात चार माणसं बोंबलत आली, "ओ ड्रायव्हर, शेडात दारू हाय, दारू!" तेरखेड्यात फटाके बनतात हे साडूंना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांचं सगळं लक्ष मोहरीत. मान वर न करता म्हणाले, "असंल. आमी माळकरी हाय, घेत न्हाय." मी धावत जाऊन गॅस बंद केला. साडूंच्या डोक्यात उजेड पडला, ते उडी मारून सीटवर बसले, इंजिन सुरू केलं आणि थांबले. बाहेर लोक पत्रा बडवतायत, "हलवा की गाडी!" आणि हे म्हणतायत, "बेल न्हाय."

अक्का हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, म्हणून दोरी ओढत नाही असं मला वाटलं. मग मी तिच्या हाताकडं बघितलं. बोटं दोरीवर पडली होती, ती मिटत नव्हती. तिनंही त्या बोटांकडं बघितलं, एकदाच. मग मान वर करून मोठ्यानं ओरडली, "टिंग टिंग!" गाडी हलली.

संध्याकाळी साडूंनी ती दोरी सोडवून गुंडाळली. "हल्लीच्या दोरीत दम न्हाय," म्हणाले. बराच वेळ ती हातात फिरवत बसले आणि मग हळूच म्हणाले, "गुरुजी, मला रस्त्याची भीती न्हाय. एखाद्या दिशी ती सिंगल मारील आन् म्हणील, बास झालं, याची भीती हाय. मग थांबावंच लागंल. नियम हाय." मी पिठलं वाढून घेतलं.

यंदा आम्ही दोघं सोनारीला गाडीवर गेलो होतो, तेव्हा त्यांची लेक पुण्याहून आली, आईला न्यायलाच. अक्काचा आवाज तोवर पार खोल गेला होता, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. लेक म्हणाली, "अप्पा, घरी लिफ्ट आहे, बाई लावलीय, दवाखाना जवळ आहे. किती दिवस आईला असं हिंडवणार?" त्यात चुकीचं काही नव्हतं. माझी बायको मान हलवत होती, मीही हलवली. साडूंनी या वेळी गुडघ्याचं नाव काढलं नाही. म्हणाले, "तुझं खरं हाय. पण गाडी कुठं न्यायची ते ड्रायव्हर ठरवत नसतो." सीटवर जाऊन बसले, इंजिन सुरू केलं आणि समोर काचेकडं बघत म्हणाले, "बोला कंडक्टर. सिंगल म्हंजी इथं थांबायचं, लेकीसंगं पुण्याला. डबल म्हंजी आपलं पुढं."

पलंगावरून आवाज आला, "टिंग."

साडूंनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. त्यांनी मागं बघितलं नाही, हात नुसता चावीवर राहिला. जे मागायला आली होती ते मिळालं, तरी लेकच रडायला लागली.

आणि मग अक्कानं छाती भरून श्वास घेतला. "टिंग."

कुणी हललं नाही. अक्काच तुटक तुटक म्हणाली, "दम तरी... घिऊ द्या... की."

साडूंनी खांद्यावरच्या उपरण्यानं खसाखसा तोंड पुसलं. "धूळ लई हाय सोनारीला," म्हणाले आणि पुन्हा चावी फिरवली. लेकीनं डोळे पुसले, आपली मोटार देवळाजवळच ठेवली आणि न्हाव्याच्या खुर्चीत येऊन बसली. "भूमपर्यंत येते. फुल तिकीट द्या." मी आणि बायको ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर टेकलो.

थोडं पुढं फाट्यावर कुणीतरी पाटी वाचून हात केला. मागून आवाज आला, "टिंग." गाडी थांबली. एक बाई पिशवी घेऊन चढली आणि आम्हाला एवढं गप्प बघून बावरली. "काय झालं? सुटत का न्हाय गाडी?" तिनं विचारलं. साडू म्हणाले, "बसा मावशी. डबल व्हायचीय." आणि आम्ही सगळे अक्काच्या तोंडाकडं बघत बसून राहिलो.