मुंग्यांना घातलेली साखर

आमच्या कचेरीत पोट ही पदवी होती. नव्या कारकुनाला ते नसे. दहा वर्षांनी त्याच्या कोटाचं मधलं बटण लागेनासं होई. शिरस्तेदारांच्या पायरीला पोचलेला माणूस खुर्चीत बसला, की आधी पोट बसे आणि मागून तो. मी ही माणसं वीस वर्षं पाहिली आणि त्यांच्यासारखा व्हायला मनापासून झटलो. घरापासून कचेरी जेमतेम पाऊण मैल, पण मी टांग्यानं जाई. पायी येणारा कारकून म्हणजे पट्टेवाल्याचा भाऊ, असं आम्ही म्हणत असू. मी तर फुलं विकणाऱ्याचा भाऊ होतो, म्हणून त्या विनोदाला सगळ्यांत मोठ्यानं हसे.

गंगापूरच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा होता. वडील गेल्यावर तो थोरल्या भावानं, दादानं, सांभाळला आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. पहाटे झेंडू, शेवंती तोडायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि तीन मैल चालत गंगेच्या घाटावर न्यायची, हा त्याचा रोजचा क्रम. परत मळ्यात गेला की मोट. पंचेचाळिशीतही त्याच्या अंगावर चिमटीत धरावं एवढं मांस नव्हतं.

त्याची वाट कचेरीवरून जाई. एकदा मी शिरस्तेदारांबरोबर फाटकात उभा होतो. दादा रिकामी पाटी काखेत घेऊन घाटावरून परत चालला होता. त्यानं रस्त्यापलीकडून विचारलं, "जेवलास का रे?"

मी मान फिरवली.

"कोण हो हा?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"आमच्याकडे फुलपुडी टाकतो," मी म्हणालो.

दादानं ते ऐकलं की नाही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्याच महिन्यात मी मळा वाट्यानं दिला आणि दादा-वहिनींना शहरात माझ्या घरी आणलं. जन्मभर राबला, आता त्यानं बसून खावं, असं सगळ्यांना सांगितलं. धाकट्यानं थोरल्याला बसवून खाऊ घालावं, याच्याएवढं पुण्य आमच्या भावकीत दुसरं नाही. लोकांनी माझं नाव घेऊन आपल्या भावांना टोमणे मारले. रस्त्यावरची ती पाटी दिसेनाशी झाली म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे त्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

दादाला मात्र ओट्यावर करमेना. "मी काय गणपती हाय, बसवून ठेवायला?" तो म्हणायचा. "बसवलेला गणपती बुडवत्यात हे ध्यानात हाय ना तुझ्या?"

तो विहिरीवर पाणी शेंदायला निघाला, तरी मी त्याच्या हातून दोर काढून घेई. शेजारी काय म्हणतील? चार वर्षं असा बसला. गोड चहा तीनदा, दुपारची झोप, संध्याकाळी पेढा. त्याला पोट आलं तेव्हा मला अभिमान वाटला. मी त्याला कोट शिवला आणि जन्मात प्रथमच पायात कातडी जोडे घातले.

पाचव्या वर्षी तो सारखा पाणी मागू लागला. तांब्या उशाशी ठेवला तरी पुरेना. एके सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे लघवीला बसत्यात त्या मोरीत लय मुंग्या लागल्यात. काळ्या हायेत. रोजच लागत्यात."

इथे मला थांबून नीट लिहिलं पाहिजे. मुंग्यांचा अर्थ मला माहीत होता. शिरस्तेदारांना मधुमेह होता आणि ते तो सोन्याच्या साखळीसारखा मिरवत. मोरीत मुंग्या लागल्या की समजावं माणूस मोठा झाला, हे त्यांचंच वाक्य. डॉक्टरनं त्यांना साखर सोडून रोज तीन मैल चालायला सांगितलं होतं. "हमालासारखं चालायचं होतं तर नोकरी कशाला केली?" असं म्हणून त्यांनी डब्यातली जिलबी माझ्यापुढे केली होती. मी ती खाल्ली होती.

म्हणजे रोग मला कळला होता आणि उपायही कळला होता. तीन मैल. दादाला चाल म्हटलं असतं तर तो सरळ मळ्यात गेला असता आणि तिथून पाटी डोक्यावर घेऊन माझ्या कचेरीच्या फाटकासमोरून निघाला असता. मी वहिनींना म्हणालो, "काळ्या मुंग्या लक्ष्मीच्या असतात. शुभ असतं. साखर घालत जा."

त्या माउलीनं दर शुक्रवारी मोरीच्या कडेला चिमूटभर साखर घातली. मी ते पाहत असे आणि टांग्यात बसत असे.

पुढच्या हिवाळ्यात उजव्या जोड्यातला खिळा वर आला. तो दादाच्या पायात किती दिवस रुतत होता कोण जाणे, त्याला कळलंच नाही. अनवाणी असताना काट्याचं टोकही ओळखणारा पाय तो. वास यायला लागला तेव्हा वहिनींनी जोडा काढून पाहिला. दोन बोटं काळी पडली होती.

डॉक्टरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात दादाच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचा विटेसारखा लाल रंग झाला.

"मुंग्या लागत होत्या का?" त्यानं विचारलं.

"लागायच्या की," वहिनी म्हणाल्या. "भावजी म्हनले लक्ष्मी हाय. मी साखर घालायची त्यांना."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"भावाचं सोडा, एरवी तुम्ही इकडे कशानं येता?"

"टांग्यानं."

"राहता कुठे?"

"दोन गल्ल्या सोडून."

त्यानं दुसरी नळी काढून माझ्या हातात रिकामी बाटली दिली आणि पडद्याकडे बोट केलं. माझी नळी विटेच्या रंगाला गेली नाही, हिरवट झाली. "वय?" "बेचाळीस." "हिरवा म्हणजे वाट धरलीय," तो म्हणाला. "भावाच्या मागोमाग जायचं असेल तर बसा असेच."

पाय ठेवायचा की गुडघ्याखालून काढायचा, यावर पंधरा दिवस गेले. दादा खाटेवर पडून छताकडे बघायचा. एकदाच बोलला, "पाय राहिला तर मळ्यात जाईन म्हनतो. तुझी अब्रू जात नसली तर." पाय राहिला. दोन बोटं गेली.

जखम भरायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरनं दोघांनाही चालायला सांगितलं, पण दादाला डोक्यावर ओझं घ्यायची बंदी केली. तेव्हापासून आम्ही पहाटे मळ्यात जातो आणि आपल्या वाट्याची फुलं घेऊन घाटावर येतो. दादा काठी टेकत पुढे, पाटी घेऊन मी मागे. कचेरीजवळ आलो की मी पाटीवर उपरणं टाकत असे.

"झाकतोस काय?" दादा म्हणाला. "फुलंच हायेत ती."

"ऊन लागेल."

"सूर्य कुठाय अजून?"

परवा कचेरीच्या कोपऱ्यावर शिरस्तेदारांचा टांगा समोरून आला. ते गंगेवरून स्नान करून परतत होते. त्यांनी टांगा थांबवला आणि पाटीकडे काठी दाखवून विचारलं, "काय हो, कुणाकडे पूजा?"

"घरीच आहे, छोटीशी," मी म्हणालो.

टांगा गेला. आम्ही घाटावर आलो. तिथे मी पाटी उतरवली, त्यानं शेवंतीचे वाटे मांडले, दोन बायकांना फुलं दिली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोटं माझी गेली आणि लंगडतोस तू."

दुसऱ्या दिवशी पाटी उघडीच होती. फाटकासमोरून जाताना घाटावर स्नानाला निघालेल्या दोन कारकुनांनी ती पाहिली आणि एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी धीट झालो असं कुणी समजू नये. उपरणं वहिनींनी धुवायला टाकलं होतं आणि दुसरं मागायची मला लाज वाटली.