राजूरचा घाट आणि आईची पट्टी

माहेरी जायला कारण लागत नाही म्हणतात. मला लागतं. नुसतं "येते गं चार दिवस" म्हटलं की आई विचारते, "काऊन, भांडण झालं का?" म्हणून या वेळी सांगून टाकलं की राजूरचा घाट सायकलनं चढायचा आहे. ते खोटं नव्हतं. पुण्याच्या आसपासचे बहुतेक घाट चढून झाले होते, आणि ज्याच्या पायथ्याशी मी वाढले तो घाट मात्र अजून एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेला. पण मुख्य कारण दुसरंच होतं. आईनं गाणं सोडलं होतं, आणि मला ते परत सुरू करून द्यायचं होतं.

आमचं गाव मोताळ्याजवळ. नाव लिहीत नाही, कारण गावची मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि फोन करून चुका काढतात. तिथलं महिला भजनी मंडळ आईनं उभं केलं. पुढे बसून सांगणारी तीच, बाकीच्या मागून म्हणणाऱ्या. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र खाली बसला. डॉक्टर म्हणाले, आवाज आता असाच राहील, पण गायला काही हरकत नाही. आईनं त्यातलं "असाच राहील" एवढंच ऐकलं. तेव्हापासून ती मंडळात मागे भिंतीला टेकून टाळ वाजवते.

तुझं आवडतं संगीत कोणतं, असं सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं की मी काहीतरी थाप मारते. खरं सांगायचं तर माझ्या फोनमधलं साडेचार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग. ऑपरेशनच्या आधीच्या कार्तिकातलं, आईचं भजन. ते तिला तिच्या आईकडून आलेलं, कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. मागे कुत्रं भुंकतं, कुणीतरी खोकतं, आणि दुसऱ्या कडव्याला आईचा आवाज असा काही वर जातो की मांड्या भरून आल्या असल्या तरी पाय फिरत राहतात. प्रत्येक चढाला मी तेच लावते. एकाच कानात, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा ठेवते.

तर, कार्तिकातला काकडा सुरू असताना निघाले. ज्यांना सायकल रेल्वेनं न्यायची आहे त्यांच्यासाठी: दोन्ही चाकं काढा, सगळं एका मोठ्या पिशवीत बांधा आणि खालचा बर्थ मिळवा, बर्थखाली बरोबर मावते. नांदुऱ्याला सकाळी उतरले. स्टेशनाबाहेर चाकं जोडत बसले, तर धोतरातले एक काका येऊन उभे राहिले.

"विकाले आणली का?"

"नाही हो, चालवाले. मोताळ्याकडं चालली."

त्यांनी जरा विचार केला. "सायकल असून गाडीत बसून आली, अन् आता गाडी असून सायकलनं चालली. मंग सरळ घरूनच काऊन नाही निघाली?"

मी पुढच्या चाकाचा नट आवळत राहिले. त्यांनीच मग मागचं चाक धरून ठेवलं आणि चहा पाजला.

नांदुरा ते आमचं गाव पस्तीसच्या आसपास किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, मधे मधे उखडलेला, तेव्हा जाड टायर असलेले बरे. सकाळी आठच्या आत निघा, अकरानंतर नोव्हेंबरातही ऊन चावतं. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, कमरेला ओटी बांधून बाया वेचणीला लागलेल्या, तुरीला पिवळा फुलोरा. अर्ध्या वाटेवर एका टपरीवर गरम मिरची भजे मिळाले. तीन खाल्ले आणि पुढचे दहा किलोमीटर पस्तावले. सायकलवाल्यांनी दोनावर थांबावं.

आई ओट्यावरच बसली होती. वाट पाहत नव्हती, असं ती म्हणाली.

"पहिले ते डोक्यावरचं काढ. लोकं हासतीन."

तिचा आवाज मला फोनवर सवयीचा झाला होता, पण समोर ऐकताना पुन्हा दचकायला झालं. जाड, खरखरीत, जात्यातून भरड पडावी तसा. जेवायला भरीत, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि ठेचा. मी चार भाकरी खाल्ल्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, घाट चढाचा हाये की उतराचा?"

मंडळाची तालीम संध्याकाळी आमच्याच ओसरीत असते. सात-आठ जणी जमल्या. पेटीवर बेबीकाकू. या आमच्या शेजारच्या, आईहून दहा वर्षांनी लहान आणि तिच्याच हाताखाली पेटी शिकलेल्या. माझ्या डोक्यात एक बेत शिजत होता. छोटा स्पीकर आणला होता. मधे चहा झाला तशी मी म्हटलं, "एक ऐकवते," आणि ते रेकॉर्डिंग लावलं. वाटलं, आपलाच आवाज ऐकून आईला उमेद येईल. बायकांच्या माना डोलायला लागल्या. दुसरं कडवं आलं तशी बेबीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. आईनं टाळ खाली ठेवले.

"भाजी लागून राह्यली असंन," म्हणाली आणि आत गेली.

चुलीवर भाजी नव्हती. मी मागून आत गेले, तर ती रिकाम्या चुलीशी उभी होती.

"वैशे, मी मेली काय? मेलेल्या माणसाचं वाजवतेत असं."

"आई, तसं नाही..."

"तुले तीच पाह्यजे. मी कुठून आणू तिले आता?"

मी बाहेर येऊन स्पीकर पिशवीत घातला. चांगलं करायला गेले आणि तिला भर मंडळात रडवेलं करून बसले, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाले. इअरफोन घरीच ठेवला. ते भजन कानात घालायची त्या दिवशी माझी छातीच होईना. मोताळा मागे टाकून राजूर गाठेपर्यंत रस्ता गोड बोलत राहतो. गाव सुटलं की मात्र डोंगर समोर येतो आणि वळणं सुरू होतात. सागाची झाडं, कठड्यावर वानरं, आणि चढ असा की दोन वळणांच्या मधे कुठे दम घ्यायला सपाटी म्हणून नाही. कापसाचे ट्रक आणि एसटी सतत असतात. मागे लाल दिवा लावाच, आणि वळणावर डावी कड सोडू नका.

माझा एक नियम होता. सगळ्यात हलका गिअर लावायचा नाही. आमच्या ग्रुपमध्ये त्याला आजीबाईंचा गिअर म्हणतात, आणि तो लावला तर नाश्त्याला चर्चा होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर माझे पाय थांबले. कानात भजन नव्हतं, आणि त्याच्याशिवाय मी इतकी कच्ची आहे हे मला तिथे कळलं. खाली उतरले, कठड्याला सायकल लावली आणि धापा टाकत उभी राहिले. मागून कापसाच्या गठाणींनी लादलेला एक ट्रक रखडत आला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, पहिला गिअर टाका न!"

"नाही टाकत मी पहिला."

"काऊन?" त्याला खरंच कळेना. "घाटात पहिला टाकाले लाज कायची? आम्ही अख्खा घाट पहिल्यावर चढून राह्यलो, पाहा."

आणि चढलाही. माझ्यासमोरून तो ट्रक मुंगीच्या पावलांनी वर गेला, पण कुठेही थांबला नाही. मी गुपचूप सायकलवर बसले आणि आजीबाईंचा गिअर टाकला. इतकी हळू चालले होते की कठड्यावरचं एक वानर कंटाळून दुसरीकडे बघायला लागलं. पण एकदाही न उतरता वर आले. वर हवा थंड होती, खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख धुक्यात पसरलेला. बुलढाण्यात पोहे आणि दोन चहा घेतले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. शांत वाटत होतं, आणि आईची आठवण येत होती.

उतरताना दोन्ही ब्रेक आधी तपासा. गावात शिरले तर बेबीकाकूंच्या घरातून पेटी ऐकू आली. आत गेले. काकू एकट्याच म्हणत होत्या आणि वरच्या सुराला त्यांचा आवाज चिरकत होता. पेटीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. पट्ट्यांवर लाल नेलपॉलिशनं आकडे काढलेले, एक, दोन, तीन. काकूंच्या वहीतही सगळी भजनं त्याच आकड्यांत लिहिलेली. एक नंबर, म्हणजे सा, काळी पाचवर होता. ती आईची उंच पट्टी, बायकांतही फार थोड्यांना झेपणारी.

"काकू, इतकं वर तुम्हाले जमते?"

"कोठं जमते! वर्ष झालं, सगळ्यायचा घसा फाटून राह्यला."

"मग पट्टी खाली काऊन नाही घेत?"

काकूंनी भाता सोडून दिला. "ती पट्टी तुह्या आईची हाये, वैशू. तिची जागा हाये ते. उद्या ती पुढं येऊन बसली अन् पट्टी उतरलेली दिसली, तर काय वाटीन तिले?"

म्हणजे वर्षभर सात-आठ बायका घसे फाडत होत्या, का, तर आईची जागा जशीच्या तशी राहावी. आणि त्या जागेवर आता आईलाच बसता येत नव्हतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही, कारण मीही फोनमध्ये दुसरं काय करत होते? मी काकूंना ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. त्या मग उठून सुनेची निळी नेलपॉलिश घेऊन आल्या आणि खालच्या काळी तीनपासून नवे आकडे काढायला लागल्या.

"सांगाचं कोणं तिले?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी? तूच सांग बापा!"

शेवटी कुणीच सांगितलं नाही.

पहाटे पाचला मारुतीच्या देवळात काकडा. थंडी चांगली होती, बाया शाली घेऊन बसलेल्या, आई नेहमीसारखी मागे भिंतीशी. काकूंनी निळ्या आकड्यांवर सुरुवात केली. बोटं सवयीनं लाल आकड्यांवर जात होती, बाया सवयीनं वर उचलत होत्या, आणि पहिल्याच ओळीला सगळा चिवडा झाला. एक एक करून सगळ्या थांबल्या.

"बेबी, काय करून राह्यली वं?" मागून आई.

काकू मान खाली घालून म्हणाल्या, "पट्टी उतरवली, बाई. माह्याच्यानं आता नाही होत तितकं वर."

दोष त्यांनी स्वतःवर घेतला. आई उठली. गुडघ्यावर हात देत पुढे आली आणि पेटीपाशी बसून त्या निळ्या आकड्यांकडे तिनं पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. आईला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"उतरवाची तं नीट उतरव न. हे अर्धवट कायले?" ती म्हणाली. "अजून एक घर खाली घे."

एक घर खाली काकूंचे आकडेच नव्हते. त्यांचा चेहरा पडला. आईनं त्यांचं बोट धरून पांढऱ्या पट्टीवर ठेवलं. "हा तुहा एक. आता दोन. आता इथं." मग तिनं खाकरून घसा मोकळा केला आणि तेच भजन उचललं.

मी फोन काढला. तिनं गाता गाताच डोळे वटारले, ओळ संपल्यावर म्हणाली, "बंद कर ते. ऐक." मी बंद केला आणि ऐकलं. दुसऱ्या कडव्याला आवाज वर गेला नाही. ती तिथून वळली, ओळ खालून फिरवून आणली, एका जागी खरखर झाली, तिथे थांबली आणि पुन्हा धरली. मागच्या बायकांना वर्षात पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं म्हणता येत होतं आणि त्या चांगल्या जोरात म्हणत होत्या. खरं सांगते, मला जुना आवाज आठवला आणि वाईट वाटलं. त्याच वेळी आनंदही झाला, इतका की शालीत तोंड लपवावं लागलं.

त्या दिवशी दुपारी निघाले. आईनं भरपूर शेंगदाण्याची चटणी दिली, ती सायकलच्या पिशवीत सांडली, आणि अजून चेनला तिचा वास येतो. आता पुण्यात मला विचारतात की राजूर घाट अवघड आहे का. आहे. जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा, पाणी जास्त घ्या, आणि सगळ्यात हलका गिअर खुशाल टाका. जुनं रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. कधी तरी ऐकते, पण चढाला लावत नाही.

गेलं वर्षभर माझा फोन आई पहिल्या रिंगला उचलायची. संध्याकाळी कधीही करा, ती रिकामीच असायची, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं. या रविवारी तीनदा केला, कुणी उचलला नाही. चौथ्या वेळी उचलला. मागे पेटी, टाळ आणि बायकांचा गलका.

"काही अडलं का तुहं?"

"नाही गं, सहज केला."

"मंग ठेव. आमचं मधातच राह्यलं," आई म्हणाली आणि तिनं फोन कापला.