भांड्यावर घेतलेल्या साड्या

घुग्घुसला आमच्या गल्लीत कपडे वाळत घालायचे तर आधी दोरी पुसावी लागते, इतकी कोळशाची धूळ. तिथे राहून मी जुन्या साड्यांचा धंदा उभा केला, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. सावली-आरमोरीकडच्या गावांत मी स्टीलची भांडी घेऊन जायची. कुणाची ठेवणीतली साडी, कुणाची आहेरात आलेली आणि कधी नेसलीच नाही अशी. साडीच्या बदल्यात गंज, म्हणजे उभं पातेलं, नाहीतर डबा. घरी आणून ती धुवायची, कुठे विरली असेल तर तिच्याच पदराच्या टोकाचा धागा काढून रफू करायचा. माझा रफू कुणी शोधून दाखवावा! मग फोटो काढायचा आणि साडी ऑनलाइन विकायला टाकायची.

हे ऑनलाइनचं सगळं धाकटा भाऊ बघायचा. तो गडचिरोलीला सरकारी कचेरीत कारकून. साड्या मी त्याच्याकडेच पोचवायची, पार्सल तोच करायचा.

"बाई, नोकरीवाल्याले धंदा करता येत नाई. खातं तुया नावानं काढतो, नंबर माया देतो. तुले कायले ताप?"

त्यानं माझं पॅनकार्ड नेलं, बँकेचं कार्डही नेलं. माझ्या साड्यांचे पैसे मात्र वेळेवर आणून द्यायचा. लहानपणी याला मी कडेवर घेऊन गावभर फिरले होते, याच्यावर कसला संशय घ्यायचा? एकदा सहज विचारलं, यावर कर लागतो का रे? तो खो खो हसला.

"जुन्या लुगड्याले कसला कर वो बाई!"

आणि एक दिवस आयकराची नोटीस माझ्या दारात आली. नवरा खाणीतून पाळी करून आला होता. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि चंद्रपूरला कर सल्लागाराकडे जा म्हणाला.

सल्लागार भला माणूस होता. त्यानं कॉम्प्युटरवर माझ्या नावाचं विक्रीचं पान उघडलं आणि समजावून सांगितलं. घरातली आपली नेसायची साडी विकली तर गोष्ट वेगळी. पण विकायसाठी आणून विकली की तो धंदा, आणि नफ्यावर हिशेब द्यावा लागतो. "माल घ्यायला जो खर्च झाला तो वजा होईल. बिल दाखवा."

भांड्यावर घेतलेल्या साडीचं बिल कोण देतं? भांडीसुद्धा मी आठवडी बाजारात, खाली मांडून बसणाऱ्याकडून घ्यायची. मग त्यानं विचारलं, "आणि जीन्स कुठून आणता तुम्ही?"

"कोणती जीन्स?"

"जीन्स, टॉप, जॅकेट. जुनेच आहेत, पण साड्यांपेक्षा जास्त तेच विकलेत तुम्ही."

मी आयुष्यात जीन्सला रफू केला नाही. तशीच उठून गडचिरोलीची एसटी धरली.

भावानं मान खाली घातली असती तरी चाललं असतं. पण तो सरळ म्हणाला, "नागपूरहून गठ्ठे आणून विकत होतो. त्याच्यात काय झालं?"

"मंग तसं त्या आयकरच्या साहेबाले सांग. जीन्स माया म्हणून."

"मायी नोकरी जाईन, बाई. खातं तुयं हाये, कर तुयाच नावानं निघंन ना."

"नोटीस यायच्या आधी तुया फोनवर काही आलं होतं?"

"आलं होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू घाबरली असती."

मी चवताळले. कर लागतो हे कळलं असतं तर मी कुरकुर केली असती, पण भरला असता. याला सगळं ठाऊक होतं आणि यानं मला हसण्यावारी नेलं. अखेर माझ्या साड्यांचा कर मी भरला आणि त्याच्या जीन्सचाही मीच भरला. आता भाऊबीजेला हा कोणत्या तोंडानं येतो ते बघते, असं नवऱ्याला म्हणत राहिले. खरं तर मला तो यायला हवा होता. आला, दोन शब्द नीट बोलला, तर झालं गेलं विसरायचं मी मनाशी ठरवलं होतं. भाऊ तुटला की माहेरच संपलं, आणि मला माहेर हवं होतं.

तो आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. त्यानं ताटात प्लास्टिकच्या चकचकीत पिशवीतली साडी ठेवली. मोरपंखी. माझे डोळे भरून आले. मी साडी बाहेर काढली, पदरावरून हात फिरवला आणि काठाजवळ बोटाला काहीतरी लागलं. दुसऱ्या कुणाला ते सापडलं नसतं. तो माझाच रफू होता. सावलीच्या एका बाईला मोठा गंज देऊन मी ही साडी आणली होती. विकली गेली असं यानंच मला सांगितलं होतं.

"आवडली का, बाई? नवीन हाये. आत्ताच दुकानातून घेतली."

मी ताट खाली ठेवलं.

"बिल दाखव," मी म्हणाले.